वाचकांची उघडी कपाटे

माणूस काय वाचतो यावरून त्याची पारख करण्याची सवय जुनी आहे. परंतु सर्वस्वी अनोळखी माणसाच्या संग्रहातील पुस्तकांची यादी घरबसल्या पाहता यावी आणि तिच्या आधारे त्याच्याशी स्नेह जुळावा, ही रीत जेमतेम वीस वर्षांची आहे. या रीतीत वाचक आपल्याजवळच्या किंवा वाचून झालेल्या पुस्तकांची नोंद एखाद्या संकेतस्थळावर करतो, ती नोंद इतरांसाठी खुली ठेवतो आणि तीच पुस्तके ज्यांच्याकडे आहेत अशा इतर वाचकांच्या नोंदी त्याला दिसू लागतात. एका वाचकाच्या नावे जमलेल्या आणि इतरांना पाहता येणाऱ्या अशा पुस्तकसूचीला या लेखात 'कपाट' म्हटले आहे. सूची हे मुळात मालमत्तेची मोजदाद ठेवण्याचे साधन होते आणि ते भेटीचे ठिकाण बनेपर्यंत बराच काळ जावा लागला. या प्रवासाचा विचार करताना एक भेद आरंभीच ध्यानात घ्यावा लागतो. काही कपाटे पुस्तकावरून माणसापर्यंत नेतात, तर काही आधीच ओळखीच्या असलेल्या माणसाची पुस्तके दाखवतात. नवी मैत्री प्रायः पहिल्या प्रकारच्या कपाटांतूनच निपजली आहे.

पुस्तके दुर्मीळ आणि महाग होती त्या काळात आपला संग्रह मित्रांसाठी खुला असल्याचे जाहीर करण्याची पद्धत युरोपातील विद्वानांत होती. न्यूरेंबर्गचा पंडित विलिबाल्ड पिर्कहायमर (१४७०–१५३०) याच्यासाठी चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने स्वामित्वपट्टिका, म्हणजे पुस्तकाच्या आतल्या बाजूला चिकटवायचा मालकाच्या नावाचा छापील कागद, तयार केली आणि हे पुस्तक स्वतःसाठी व मित्रांसाठी आहे अशा अर्थाचा लॅटिन मजकूर तिच्यावर घातला. फ्रान्सच्या राजाचा खजिनदार जाँ ग्रोलिए (मृत्यू १५६५) याने तर आपल्या पुस्तकांच्या चामडी बांधणीवरच ती ग्रोलिएची आणि त्याच्या मित्रांची असल्याचे सोनेरी अक्षरांत उमटवून घेतले. या दोघांचे मित्र मात्र पुस्तक हाती येण्याआधीच मित्र होते. सूची पाहून परक्यालाही उपयोगी पडता येते हा विचार स्पष्टपणे मांडला तो गाब्रिएल नोदे या फ्रेंच ग्रंथपालाने. ग्रंथालय कसे उभारावे यावरील १६२७ सालच्या आपल्या पुस्तकात त्याने इतरांच्या ग्रंथसंग्रहांच्या सूची मिळवून त्या उतरवून ठेवण्याचा सल्ला दिला आणि त्याचे एक कारण असे सांगितले की, मित्राला हवे असलेले पुस्तक आपल्याजवळ नसले तरी ते कोठे मिळेल हे तरी त्याला निश्चित दाखवता येते. दुसऱ्याची यादी ही स्वतःच्या संग्रहाइतकीच मोलाची असते, हे या सल्ल्यातील मर्म पुढे तीन शतकांहून अधिक काळ फारसे कोणी हाती घेतले नाही.

याच सतराव्या शतकात गोदावरीच्या काठावरून काशीला जाऊन राहिलेल्या कवींद्राचार्य सरस्वती या संन्यासी पंडिताने संस्कृत पोथ्यांचा प्रचंड संग्रह केला. यात्रेकरूंवरील कर शाहजहान बादशहाकडून माफ करून घेतल्याबद्दल त्याचे नाव देशभर झाले होते. त्याच्या संग्रहातील पोथ्यांवर त्याच्या मालकीचा उल्लेख लिहिलेला असे आणि त्या संग्रहाची एक सूचीही उपलब्ध आहे, जी बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२१ मध्ये छापली गेली. संग्रहाची पांगापांग झाल्यावर त्यातील अनेक पोथ्या बिकानेरसारख्या ठिकाणी पोहोचल्या आणि अभ्यासकांनी मालकीच्या त्या उल्लेखांवरून त्यांचा मागोवा घेतला. एका माणसाची बुद्धी कोठवर फिरत होती हे त्याच्या यादीवरून कसे वाचता येते, याचा असा दाखला महाराष्ट्राशी नाते सांगणाऱ्या इतिहासात दुसरा सहसा सापडत नाही; तथापि हे वाचन त्याच्या पश्चात घडले आणि त्याच्या हयातीत ही यादी पाहून कोणी समानधर्मा त्याच्याकडे आला असेल असे मानण्यास आधार नाही.

पुस्तकेच एकत्र करून वाचकांनी एकत्र यावे, असा दुसरा मार्ग अमेरिकेत चोखाळला गेला. बेंजामिन फ्रँकलिनने १७२७ मध्ये फिलाडेल्फियात जंटो नावाचे चर्चामंडळ काढले, तेथील सदस्यांनी आपापली पुस्तके एका खोलीत आणून ठेवली, आणि पुरेशी निगा न राखली गेल्याने सुमारे वर्षभरात ज्याची त्याने परत नेली. त्यानंतर १७३१ मध्ये त्याने वर्गणीचे ग्रंथालय उभारले. आरंभीच्या पन्नास सभासदांनी प्रत्येकी चाळीस शिलिंग प्रवेशशुल्क आणि दरसाल दहा शिलिंग वर्गणी द्यायची, असा त्याचा नियम होता. जंटोच्या खोलीचा अनुभव मोठा बोलका आहे, कारण पुस्तक ही वस्तू एका वेळी एकाच ठिकाणी असू शकते आणि ती सामायिक करताच निगा, परतफेड व नुकसान यांचे प्रश्न उभे राहून मैत्रीवरच ताण येतो. पुस्तक घरी राहावे आणि केवळ त्याची नोंद सामायिक व्हावी, ही सोय संगणकाच्या जाळ्याशिवाय शक्य नव्हती.

महाराष्ट्रात सार्वजनिक वाचनालयांची परंपरा रत्नागिरी (१८२८), नाशिक (१८४०), पुणे (१८४८), ठाणे (१८९३) आणि मुंबई (१८९८) अशी एकोणिसाव्या शतकभर वाढत गेली आणि वृत्तपत्रांच्या टेबलाभोवती, व्याख्यानांना व वार्षिक सभांना वाचक एकमेकांना भेटत राहिले. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० नंतर उभारलेल्या ग्रंथालयव्यवस्थेत पुस्तकांनी भरलेल्या पेट्या गावोगाव फिरत, आणि शंभर वर्षांनी नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये सुरू केलेल्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमाने ग्रंथपेटीची तीच कल्पना वाचकगटांच्या आधारे महाराष्ट्राबाहेर आणि आखाती देशांतील मराठी कुटुंबांपर्यंत नेली. तरीही कपाटासमोर उभ्या असलेल्या वाचकाला हे पुस्तक यापूर्वी कोणी नेले होते हे कळण्याची रीतसर वाट ग्रंथालयात नसते, आणि ती नसावी यामागे तत्त्व आहे. अमेरिकन ग्रंथालय संघटनेने १९३९ च्या आपल्या आचारसंहितेत वाचकांविषयी कळलेली खासगी माहिती गुप्त ठेवणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य मानले. वाचनाच्या आवडीवरून माणसाच्या मतांचा माग काढला जाऊ शकतो, ही भीती त्या काळात मुळीच निराधार नव्हती. ग्रंथालयाने योग्य कारणासाठी वाचकांना एकमेकांपासून झाकून ठेवले होते; ऑनलाइन कपाटाने ते झाकण दूर केले, परंतु ते दूर करण्याचा निर्णय ज्याच्या त्याच्या हाती दिला, हा या दोहोंमधला खरा फरक आहे.

या बदलाची पहिली चाहूल २००१ मध्ये अमेरिकेत रॉन हॉर्नबेकर याने सुरू केलेल्या बुकक्रॉसिंगमध्ये लागली. पुस्तकाला एक नोंदणीक्रमांक द्यायचा, तो त्याच्यावर चिकटवून पुस्तक बाकावर, उपाहारगृहात किंवा स्थानकावर सोडून द्यायचे आणि ज्याला ते सापडेल त्याने त्या क्रमांकाखाली आपली नोंद करायची, असा हा प्रघात होता. त्यामुळे एका प्रतीचे एकामागून एक वाचक एकमेकांना ठाऊक होऊ लागले. ओळख मात्र योगायोगावर अवलंबून राहिली, कारण जेथे पुस्तक पोहोचेल तेथेच माणूस भेटणार.

योगायोगाची जागा शोधाने घेतली ती २९ ऑगस्ट २००५ रोजी. अमेरिकेतील मेन राज्यातल्या पोर्टलंड शहरी राहणाऱ्या टिम स्पाल्डिंग याने त्या दिवशी लायब्ररीथिंग हे संकेतस्थळ सुरू केले. दोनशे पुस्तकांपर्यंत नोंद विनामूल्य आणि त्यापुढे वर्षाला दहा किंवा आयुष्यभरासाठी पंचवीस डॉलर, असा त्याचा दर होता. २०२० मध्ये हे संकेतस्थळ पूर्णपणे विनामूल्य करण्यात आले. ग्रंथालयांच्या संगणकांनी परस्परांकडून सूचीनोंदी मागवाव्यात यासाठी ठरवलेला झेड ३९.५० हा तांत्रिक संकेत वापरून हे संकेतस्थळ लायब्ररी ऑफ काँग्रेससह शेकडो ग्रंथालयांतून नोंदी आणते. त्यामुळे घरातल्या दोन खणांच्या कपाटाला राष्ट्रीय ग्रंथालयाच्या तोडीची सूची मिळाली आणि नोंदी एका साच्यात आल्याने दोन कपाटांची तुलना यंत्राला करता येऊ लागली.

या तुलनेच्या रचनेत जो विचार दिसतो तो या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा आहे. दोन वाचकांत किती पुस्तके समान आहेत एवढेच मोजले, तर ज्याच्याकडे दहा हजार पुस्तके आहेत तो सर्वांचाच सोबती ठरतो आणि जगभर खपलेल्या कादंबऱ्या असणारे सारे एकमेकांचे जिवलग दिसू लागतात. म्हणून लायब्ररीथिंगने साध्या मोजणीसोबत एक भारित मोजणीही ठेवली. तिच्यात संग्रहाचा आकार आणि पुस्तकाची दुर्मीळता विचारात घेतली जाते, म्हणजे थोड्याच लोकांकडे असलेले पुस्तक समान निघाले तर त्याचे वजन अधिक धरले जाते. पुढे आणखी एक यादी दिसू लागली, ती अशा पुस्तकांची जी साऱ्या सदस्यांत मिळून केवळ दोघांकडेच आहेत. ज्या पुस्तकाविषयी बोलायला आजवर कोणीच भेटले नाही, त्याचा दुसरा मालक एकदम नावानिशी समोर येणे, ही एकाकी वाचकाच्या आयुष्यातली केवढी मोठी घटना आहे हे वेगळे सांगायला नको. दुसऱ्याशी जोडून घेण्याच्या प्रकारांतही येथे विवेक दिसतो. एखाद्याला मित्र म्हणून नोंदवता येते, किंवा मैत्रीचा कोणताही दावा न करता त्याचा संग्रह लक्षवेधी म्हणून नोंदवून ठेवता येतो. ओळखीआधीची ही पायरी माणसामाणसांतल्या संकोचाचा मान राखते.

संकेतस्थळाच्या सदस्यांनी या साधनाला जे वळण दिले त्यात दोन प्रथा ठळक आहेत. २००७ पासून दरवर्षी नाताळच्या सुमारास सँटाथिंग नावाची भेटयोजना चालते. तिच्यात प्रत्येक सहभागी सदस्याला दुसरा एक सदस्य नेमून दिला जातो आणि त्याचे कपाट न्याहाळून त्याच्याकडे नसलेले, पण त्याला आवडेल असे पुस्तक त्याच्यासाठी निवडायचे असते. परक्याचे कपाट इतक्या लक्षपूर्वक वाचणे हेच एक आतिथ्य आहे. दुसरी प्रथा दिवंगतांच्या संग्रहांची. अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष टॉमस जेफरसन याने १८१४ मध्ये ब्रिटिश सैन्याने संसदभवन जाळल्यावर आपली ६,४८७ पुस्तके २३,९५० डॉलरना संसदेला विकली होती, आणि त्यांची तपशीलवार सूची मिलिसेंट सोवर्बी या ग्रंथसूचीकार बाईंनी १९५२ ते १९५९ या काळात पाच खंडांत प्रसिद्ध केली होती. २००७ पासून सदस्यांनी स्वयंसेवेने हा संग्रह कपाटरूपात नोंदवला, मग मारी आंत्वानेत, अर्नेस्ट हेमिंग्वे आदींचे संग्रह नोंदवले, आणि जिवंत वाचकाला आपल्याकडची कोणती पुस्तके जेफरसनकडेही होती हे पाहता येऊ लागले. कवींद्राचार्यांच्या सूचीवर जे काम मोजक्या पंडितांनी केले, त्याच जातीचे काम येथे हौशी वाचक मिळून करू लागले, आणि ते करता करता त्यांची एकमेकांशीही गाठ पडली.

चीनमध्ये यांग बो याने मार्च २००५ मध्येच बीजिंगमधून दोबान हे अशाच नोंदींचे संकेतस्थळ सुरू केले होते. हाँगकाँगमध्ये २००६ साली ग्रेग सुंग याने काढलेल्या अनोबी या संकेतस्थळाला मात्र त्याच्या जन्मभूमीपेक्षा इटलीत मोठा वाचकवर्ग मिळाला आणि परक्या देशात बनलेले कपाट इटालियन वाचकांनी आपलेसे केले. ते पुढे ब्रिटिश मालकांच्या हाती गेले, २०१२ मध्ये सेन्सबरीज या किराणा दुकानांच्या साखळीने त्यात मोठा वाटा घेतला आणि २०१४ मध्ये मोंदादोरी या इटालियन प्रकाशनसंस्थेने ते विकत घेतले. वाचकांनी वर्षानुवर्षे हातांनी भरलेली कपाटे त्यांना न विचारता या दुकानातून त्या दुकानात जात राहिली.

जानेवारी २००७ मध्ये ओटिस चँडलर आणि एलिझाबेथ खुरी चँडलर यांनी सुरू केलेल्या गुडरीड्सची धाटणी निराळी होती. मित्राच्या घरचे कपाट पाहताना काय वाचावे हे सुचते, या अनुभवातून ते निघाले, म्हणून त्याचा पाया आधीच्या ओळखीवर होता. वाचलेले, वाचत असलेले आणि वाचायचे, असे तीन खण प्रत्येकाला मिळाले, मित्रांच्या नोंदी पहिल्याच पानावर दिसू लागल्या आणि दोन वाचकांच्या आवडी किती जुळतात हे पाहण्याची सोयही झाली. ही धाटणी अतिशय लोकप्रिय ठरली आणि मार्च २०१३ मध्ये अ‍ॅमेझॉनने ते विकत घेण्याचे जाहीर केले तेव्हा त्याचे एक कोटी साठ लाख सदस्य होते. त्याआधी २००८ मध्ये अ‍ॅमेझॉनने शेल्फारी हे तिसरे मोठे संकेतस्थळ घेतले होते, आणि त्याच वर्षी अ‍ॅबबुक्स ही जुन्या पुस्तकांची बाजारपेठ घेतल्याने तिच्याकडचा लायब्ररीथिंगचा अल्पांश वाटाही अ‍ॅमेझॉनकडे आला. शेल्फारी २०१६ मध्ये बंद करून गुडरीड्समध्ये मिसळण्यात आले. सदस्यांना आपली नोंद हलवण्याची मुभा होती, परंतु कोणी कोणाच्या कपाटाखाली काय लिहिले होते, कोणाची कोणाशी गाठ पडली होती, हे असे सहजी हलवता येत नाही. विक्रेत्याच्या हाती आलेले कपाट वाचकाच्या आवडीची बाजारमाहिती बनते आणि वाचकाच्या दृष्टीने जी मैत्रीची खूण असते ती विक्रेत्याच्या दृष्टीने पुढच्या खरेदीचा अंदाज असते. म्हणून आपली यादी फायलीच्या रूपात बाहेर काढून नेता येणे हा वाचकाचा मूलभूत हक्क मानला पाहिजे. नादिया ओडुनायो हिने २०१९ मध्ये पुढे आणलेल्या स्टोरीग्राफकडे अनेक वाचक गुडरीड्समधून गेले, ते त्यांची यादी अशी सोबत नेता आली म्हणूनच.

मराठी वाचकांच्या बाबतीत या साऱ्या रचनेला एक वेगळीच अडचण आली. कपाटे जुळायची तर दोघांच्या कपाटांतले एकच पुस्तक यंत्रालाही एकच वाटले पाहिजे, आणि नेमके तेच घडत नाही. पुस्तकाला जगभर एकच क्रमांक देणारी आयएसबीएन पद्धती १९७० मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाली, त्यापूर्वीच्या मराठी पुस्तकांना तो क्रमांक असणे शक्य नव्हते, आणि नंतरही कित्येक प्रकाशने त्याविनाच निघाली. परदेशी ग्रंथालयांत मराठी पुस्तके पोहोचली तीही एका विलक्षण मार्गाने. भारताला विकलेल्या धान्याच्या मोबदल्यात अमेरिकेकडे साठलेल्या रुपयांतून, पीएल-४८० या कायद्याखाली, १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयाने भारतीय भाषांतील पुस्तके अमेरिकेतील ग्रंथालयांसाठी खरेदी केली. त्यामुळे मराठी पुस्तकांच्या शास्त्रशुद्ध नोंदी परदेशात तयार झाल्या, परंतु त्या अनेक दशके रोमन लिप्यंतरात होत्या. या लिप्यंतरात दीर्घ स्वरांना वर रेषा आणि उच्चारात न येणाऱ्या अकारालाही अक्षर असते, म्हणून 'श्यामची आई' या एकाच पुस्तकाची ग्रंथालयातील नोंद, वाचकाने बोलीप्रमाणे रोमनमध्ये केलेली नोंद आणि देवनागरीतील नोंद अशी तीन निरनिराळी पुस्तके यंत्राला दिसतात. अनेक प्रकाशकांनी काढलेल्या आवृत्त्यांमुळे ही फूट आणखी वाढते. एकच पुस्तक जीव लावून वाचलेले दोन मराठी वाचक, एक सोलापूरचा आणि एक न्यू जर्सीचा, अशा वेळी एकमेकांना कायमचे अदृश्य राहतात.

यावरचा उपाय यंत्राकडे नसून वाचकांकडे आहे, आणि लायब्ररीथिंगच्या रचनेत त्याला जागा आहे. तेथे आवृत्ती आणि कृती यांत भेद केला जातो. आवृत्ती म्हणजे विशिष्ट प्रकाशकाने विशिष्ट वर्षी काढलेले पुस्तक, तर कृती म्हणजे तिच्या सर्व आवृत्त्या व भाषांतरे मिळून होणारी एकच रचना, आणि विखुरलेल्या आवृत्त्या एका कृतीखाली आणण्याचे काम सदस्य स्वतः करतात. वि. स. खांडेकरांची 'ययाति' मराठीत वाचणारा, हिंदीत वाचणारा आणि इंग्रजीत वाचणारा हे तिघे या जोडणीनंतर एकाच कृतीचे वाचक म्हणून शेजारी येतात. ज्यांच्या घरी पुढच्या पिढीचे वाचन दुसऱ्या भाषेत गेले आहे अशा परदेशस्थ मराठी कुटुंबांसाठी या शेजाराचे महत्त्व वेगळेच आहे. या कामाला लागणारी आधारसामग्रीही मराठीत आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांची सूची एकहाती चिकाटीने सिद्ध केली, पुढे १९५० पर्यंतचा दुसरा भाग केला, आणि ग्रंथसूचीचे शास्त्रीय मराठी काम कसे असावे याचा वस्तुपाठ घालून दिला. दात्यांच्या सूचीचा आधार घेऊन ऑनलाइन नोंदी दुरुस्त करणे हे आज कोणाही वाचनालयाला, महाविद्यालयाला किंवा चार वाचकांच्या गटाला सहज जमण्यासारखे काम आहे.

म्हणून ज्या मराठी वाचकांनी आपली पुस्तके अशा कपाटांत मांडली आहेत किंवा मांडण्याचे मनात आणले आहे, त्यांनी शीर्षक देवनागरीत मूळ मुखपृष्ठाप्रमाणे लिहावे, रोमन रूप पर्यायी शीर्षक म्हणून द्यावे, लेखकासोबत अनुवादकाचे, प्रकाशकाचे नाव आणि आवृत्तीचे वर्ष अवश्य नोंदवावे, जेथे सोय असेल तेथे विखुरलेल्या आवृत्त्या एका कृतीखाली आणाव्यात, आणि वर्षातून एकदा तरी आपल्या यादीची प्रत स्वतःच्या संगणकावर उतरवून घ्यावी.